नागपूरचा माणूस, बिष्णुपूरची तोफ

साउंड रेकॉर्डिंग हा माझा धंदा. दुर्गापूजेवरच्या एका डॉक्युमेंटरीसाठी बिष्णुपूरला गेलेलो, बांकुडा जिल्ह्यातलं, टेराकोटाची देवळं आहेत ना तेच गाव. कोलकात्याचे झगमगाटी मंडप दुसऱ्या टीमकडे होते, माझ्याकडे काम एकच, अष्टमीला संधिपूजेला उडते ती तोफ.

इथली पूजा जरा वेगळीच आहे. मृण्मयी ही बिष्णुपूरच्या मल्ल राजांची देवी, देऊळ सन ९९७ चं सांगतात, मूर्ती मातीची पण विसर्जन नाही. बाकी बंगालात षष्ठीला गडबड सुरू होते, इथे पंधरवडाभर आधीपासूनच, आणि मूर्ती असूनही कापडावर रंगवलेल्या तीन देव्या वेगवेगळ्या दिवशी येतात, बडो, मेजो आणि छोटो ठाकरून म्हणजे थोरली, मधली, धाकटी. हे पट फौजदार घराणं रंगवतं, आणि दशावताराचे गोल पत्ते पण तेच करतात, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफासारखे.

संधिपूजा म्हणजे अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४. वेळ पंचांग ठरवणार, डायरेक्टर नाही. तोफा उडतात देवळाजवळच्या टेकाडावर, लहानशाच असतात, पण आवाजाला लहान समजायचं नाही. मी एक माइक जवळ लावला, गेन, म्हणजे आवाज पकडायची पातळी, पार खाली पाडून, दुसरा लांब एका भिंतीच्या आडोशाला, कारण जवळच्या माइकवर नुसता धप्प येतो, तोफेची खरी मजा मागून घुमत येणाऱ्या आवाजात असते.

तिथे बारूद ठासणाऱ्यांच्या मागे एक काका उभे होते. दादा कुठले? म्हटलं नागपूर. झालं! त्यांनी सगळ्यांना हाका मारून सांगितलं, बर्गी आलाय रे. बर्गी म्हणजे आपले मराठा स्वार, तिकडे अजून आया त्यांचं नाव घेऊन पोरं झोपवतात. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात घुसले, गावं लुटली, जाळली, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. बिष्णुपूरची दंतकथा अशी, की राजा गोपालसिंहाने लढायचं सोडून सगळ्यांना हरिनाम घ्यायला बसवलं आणि मदनमोहनाने, म्हणजे साक्षात कृष्णाने, स्वतः दलमादल तोफ डागून मराठ्यांना पळवलं. ती दलमादल अजून गावात आहे, भली दांडगी, लोखंडी कड्या जोडून केलेली. मदनमोहनाची मूर्ती मात्र पुढे राजघराण्याच्या कर्जापायी गहाण पडून कोलकात्याच्या बागबाजारात गेली, हे काका जरा रागानेच बोलले, मराठ्यांवर नव्हता तेवढा राग.

मग खूण झाली आणि बार उडाला. पोटात गुद्दा बसल्यासारखं झालं, बारुदाच्या वासाने घसा खवखवला, झाडांवरचे सगळे पक्षी एकदम उठले आणि लांबच्या माइकवर ते घुमणं असं काही आलं की मी हेडफोन दाबून नुसता हसत होतो.

काकांनी हेडफोन मागितला. ऐकलं, म्हणाले परत लाव. मग त्यांचा पुतण्या, मग बारूदवाले, लाइनच लागली. मला खरं तर ढाक, म्हणजे पूजेतले मोठे ढोल, सुरू व्हायच्या आत नुसत्या परिसराच्या आवाजाची दोन मिनिटं हवी होती, पण बर्गीचं तिथे कोण ऐकतंय!