बाकी

१९८६ च्या जुलैत आम्ही आठवीत होतो. गणितज्ञ द. रा. कापरेकर गेल्याचं गणिताच्या सरांनी वर्गात सांगितलं. आपल्या डहाणूत १९०५ साली जन्मलेला हा माणूस देवळालीच्या शाळेत मास्तर होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग सरांनी फळ्यावर १४२८५७ लिहून त्याचा वर्ग करायला लावला. उत्तर आलं २०४०८१२२४४९. "आता तोडा," सर म्हणाले. २०४०८ अधिक १२२४४९ किती? पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

पण मला खरं वेड लागलं ते पुढच्या गोष्टीचं. त्याच संख्येला दोनने गुणलं की २८५७१४, तीनने ४२८५७१. सहापर्यंत तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात निराळी. सातने गुणलं की सरळ ९९९९९९. वर्गात सगळे "जादू, जादू" करत होते. सर म्हणाले, "एकाला सातने भागा आणि भागाकार सोडून बाकी बघा."

आई बाजारात मासळीचे वाटे लावायची. वाट्यांतून उरलेले बोंबील घरी यायचे, त्यांचंच रात्री कालवण. आमच्याकडे बाकी कधी टाकून दिली जात नसे. गणितात मात्र ती मी कोपऱ्यात लिहून विसरत आले होते. त्या दिवशी एकाला सातने भागत गेले, दशांशात १४२८५७ हेच अंक फिरून फिरून आले, आणि प्रत्येक पायरीची बाकी नीट मांडली: १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. सातने भागताना शून्य सोडून येऊ शकतात तेवढ्या सगळ्या बाक्या, एकही न चुकता. तीनने गुणायचं म्हणजे तीन या बाकीपासून भागाकार सुरू करायचा. फेर तोच, शिरायची जागा वेगळी. मला हे उमगलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही लिहिताना येतो.

पावसामुळे दोन दिवस शाळा बंद होती. मी घरी अकराने भागून पाहिलं, दोन अंकांतच संपलं. तेराने भागलं तर बाराऐवजी सहाच बाक्या आल्या, १, १०, ९, १२, ३, ४, आणि फेर बंद. फार वाईट वाटलं. मग सतरा घेतला. कंदिलाच्या उजेडात पाढा म्हणत म्हणत उतरत गेले: ०५८८२३५२९४११७६४७. सोळा अंक! पुढचा शून्य धरायचाच, तो गाळला तर फेर मोडतो. दोनने गुणलं, ११७६४७०५८८२३५२९४. मधोमध तोडून दोन्ही अर्धी मिळवली, ०५८८२३५२ आणि ९४११७६४७, तर आठही जागी नऊ.

तिसऱ्या दिवशी वही सरांपुढे ठेवली. त्यांनी उत्तराकडे पाहिलंच नाही. समासातल्या बाक्यांवर बोट ठेवून एकेक मोजत गेले, सोळापर्यंत. मग चष्मा काढून म्हणाले, "एकोणीसने भागून बघितलंस?"