चाकूची वही: पावसाळा ते गोडी छाटणी

यंदाच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्यापासून द्राक्षबागांच्या गोडी (फळ) छाटणीपर्यंत, तीन चाकू आलटूनपालटून वापरायचे ठरवले होते: खिशातला घडीचा स्विस, सॅकमधला न मिटणारा स्वीडिश मोरा आणि लोहाराकडून घडवून घ्यायचा एक देशी. मध्येच एका मित्राचा ओपिनेल, म्हणजे फ्रेंच घडीचा चाकू, तोही येऊन सामील झाला. कसोटी एकच धरली: आपल्याकडच्या भटकंतीत चाकूला खरंच काय काम पडतं? बर्फाळ जंगलात ओंडके फोडून निवारा उभारणारे व्हिडिओ मीही आवडीने बघतो, पण अंजनेरीवर कुणी झोपडी बांधत नाही. आपला चाकू कांदा चिरतो, लिंबू कापतो, ताडपत्रीची दोरी तोडतो, बुटाच्या तळव्यात घुसलेला बाभळीचा काटा उकरतो आणि भिजलेल्या काटकीची साल काढून आतलं कोरडं लाकूड बाहेर आणतो. आणि त्या व्हिडिओंत कधीच न दिसणारा एक शत्रू त्याच्या मागे लागलेला असतो, तो म्हणजे आपला पावसाळा.

लांबीचा वाद माझ्यापुरता मिटला. साडेतीन ते चार इंचांचं पातं पुरतं. माझ्या मोराचं ('कंपॅनियन' मॉडेल) साधारण १०४ मिलिमीटर आहे, जाडी अडीच मिलिमीटर, आणि त्याने स्वयंपाकापासून काटक्या सोलण्यापर्यंत सगळं होतं. सहा-सात इंची जाड पात्याने टोमॅटो कापून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. तोडायचंच असेल तर ते कोयत्याचं काम आहे, आणि गडांवर तोडण्यासारखं काही नसावंच. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, खाली पडलेलं वाळकं तेवढं घ्यायचं. फेब्रुवारीनंतर तर विस्तवाचं नावच नको. एक ठिणगी आणि अख्खा डोंगर वणव्यात.

पट्ट्याला लटकवलेलं म्यान फोटोत छान दिसतं. हरिहरच्या त्या जवळपास उभ्या कातळपायऱ्यांवर, खोबण्यांत बोटं रुतवून वर सरकताना, तेच म्यान पायरीला अडतं आणि सॅकचा कमरपट्टा त्याच्यावर बसून मूठ बरगडीत घुसते. म्हणून चढाईला चाकू सॅकच्या वरच्या कप्प्यात. अलंग-मदनसारख्या ठिकाणी, जिथे दोर लावून जायचं असतं, तिथे आणखी काळजी. ताणलेला नायलॉनचा दोर धारेचा नुसता स्पर्श झाला तरी लोण्यासारखा तुटतो. दोरावर माणूस असताना उघडं पातं कुणाच्याच हातात असू नये, म्होरक्याच्याही नाही.

आषाढ-श्रावण

नाशिक शहरात रिमझिम असते तेव्हा त्र्यंबक-इगतपुरीकडे धो धो कोसळत असतं. गंजाची परीक्षा तिकडेच घेतली.

मोराचं पातं सँडविकच्या १२सी२७ पोलादाचं, क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. ओल्या म्यानात रात्रभर राहूनही पात्यावर डाग नाही. म्यान प्लॅस्टिकचं आणि खाली भोक असलेलं, पाणी निथळून जातं. चामड्याचं म्यान कितीही रुबाबदार असलं तरी पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं आणि पातं त्यात दिवसेंदिवस भिजत राहतं. चामड्याचं म्यान असेल तर बाळगताना वापरा, घरी आल्यावर चाकू बाहेर काढून ठेवा. 'फुल टँग'चा आग्रह धरणाऱ्यांसाठी सांगतो, मोरा कंपॅनियनचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. मला त्याने काडीचाही फरक पडलेला नाही. दगडाने पाठीवर ठोकून लाकूड फाडायचं असेल तर पडेल. मला ते करायचं नाही.

ओपिनेल दिसायला सगळ्यांत देखणा. जोसेफ ओपिनेल यांनी फ्रान्समधल्या सव्हॉय भागात १८९० मध्ये सुरू केलेली ही बनावट, आणि पातं जागेवर अडकवणारी ती फिरती कडी १९५५ पासूनची. पण मूठ बीच लाकडाची. भंडारदऱ्याकडच्या पावसात ती अशी फुगली की पातं नखाने निघेना. त्यावर सव्हॉयकडच्या लोकांचा जुना उपाय आहे: मुठीचा मागचा टोकाचा भाग लाकडावर ठोकायचा, की पात्याची पाठ जराशी वर येते आणि चिमटीत धरता येते. चालतं, पण थंडीने बोटं आखडलेली असताना ही कसरत कोण करणार? दिवाळीनंतरच्या भटकंतीला ओपिनेल उत्तम. पावसाळ्यात नको, किंवा मग मुठीला आधीच चार-पाच हात अळशीचं तेल पाजा.

तेलावरून आठवलं. पात्याला खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावणारे बरेच आहेत. काही दिवसांत ते चिकट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशिनचं तेल गंजाला चांगलं, पण त्याच पात्याने काकडी कापायची असते. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, छोटी बाटली वर्षभर जाते. त्याला वास नाही, ते चिकटही होत नाही आणि पोटात गेलं तरी भीती नाही.

रोजच्या खिशात मात्र स्विसच राहिला. ९१ मिलिमीटरचा, मोठं पातं, कात्री, बाटली उघडायचं हत्यार, चिमटा. पोलाद मऊसर, कडकपणाच्या रॉकवेल मापात ५६ च्या आसपास, त्यामुळे धार लवकर जाते आणि तितक्याच लवकर परत येते. या आकाराच्या स्विसला लॉक नसतो, म्हणजे टोक खुपसायचं काम त्याला सांगायचं नाही. पातं बोटांवर मिटतं. कुरिअरची खोकी, सुतळी, पेरू, ठिबकची नळी, एवढ्यात त्याचा दिवस जातो. खरं सांगायचं तर वर्षभराच्या कापाकापीत त्याच्यातली कात्रीच सगळ्यांत जास्त वापरात येते.

धार

या वहीत सगळ्यांत जास्त पानं धारेची आहेत. कारण विश्वासू चाकू कोणता याचं माझं आजचं उत्तर एवढंच आहे: ज्याची धार तुम्हाला स्वतःला, साध्या दगडावर, परत आणता येते तो. डी२ सारखं दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियमचं पोलाद धार खूप दिवस धरतं हे खरं. पण ती गेली की हार्डवेअरच्या दुकानातल्या कार्बोरंडमच्या दगडावर तास तास घासत बसा.

हे मला दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत नीट उमजलं. ऑगस्ट-सप्टेंबरात जंगली खुंटावर कलमं भरायला टोळ्या येतात. डॉगरिज या जंगली वेलाचा खुंट वरून सपाट कापायचा, मधोमध चीर द्यायची, आणि थॉमसन या द्राक्षाच्या जातीची डोळकाडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची. पाचरीचे दोन्ही काप एका ओढीत आणि आरशासारखे सपाट हवेत. जरा फाटलं, दबलं तर जोड धरत नाही. टोळीतल्या एका दादांचा चाकू मी हातात घेऊन बघितला. पोलाद कुठलं, कंपनी कुठली, काही छापलेलं नाही. पातं झिजून निम्मं झालेलं. मी विचारलं, "दादा, धार किती दिवसांनी लावता?" ते म्हणाले, "दिवसांनी कसली? चहाला बसलो की लावतो." खिशात बोटाएवढा बारीक दगड, त्यावर पाण्याचे चार थेंब, दोनचार हात, आणि मग पँटच्या मांडीवर पुसल्यासारखं ओढलं. धार बोथट होण्याची वाटच बघायची नाही, हा त्यांचा हिशेब.

तेव्हापासून माझी पद्धत तशीच. दुहेरी दगडाची खडबडीत बाजू फक्त खाच पडली तर. एरवी बारीक बाजू, पाणी, आणि कोन हलू द्यायचा नाही. मोराला हे सोपं जातं, कारण त्याच्या पात्याचा रुंद उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप सापडतो. स्विसला दर बाजूला पंधरा ते वीस अंश अंदाजाने धरावे लागतात. घासताना पलीकडच्या बाजूला बर, म्हणजे धातूची वळलेली बारीक कड येते, नाशिकच्या सातपूरला कारखान्यात मशिनवर काम केलेल्यांना ती सांगायला नको. बोट धारेवर आडवं, कधीही उभं नाही, फिरवलं की खरखर लागते. टोकापासून मुठीपर्यंत ती सलग लागली की मगच बाजू बदलायची. शेवटी जुना चामडी पट्टा फळीवर चिकटवलेला, त्यावर भांडी चमकवणारे वापरतात तो बफिंगचा हिरवा साबण. पट्ट्यावर पातं पाठीच्या दिशेने ओढायचं. उलट ओढलंत तर पट्टा कापला जाईल.

लोहाराचा चाकू

सगळ्यांना ज्याची उत्सुकता आहे ते हे प्रकरण. ट्रकचे कमानपाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बसवणाऱ्याकडून नव्या पाट्याचा कापलेला तुकडा घेतला. भंगारातला पाटा स्वस्त पडतो, पण वर्षानुवर्षं ट्रकखाली लवलवलेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, आणि त्या दिसतात त्या पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना. आपल्याकडचे पाटे बहुधा ईएन ४५ जातीचे: कार्बन अर्धा टक्का किंवा जरा वर, आणि सिलिकॉन भरपूर. चिवट पोलाद, पण गंजतं.

घोटीच्या बाजूला भातकापणीचे विळे करणारे एक मामा आहेत. तुकडा बघून म्हणाले, "भाऊ, याचा कोयता होईल झकास. एवढ्याशा पात्यानं तुम्ही काय तोडणार?" काही तोडायचं नाही म्हटल्यावर त्यांचा रस जरा कमीच झाला. पण ऐरणीवर हात बसला तसं पातं दिसू लागलं. मूळ पाटा बोटभर जाड, तो घणाखाली साडेतीन मिलिमीटरवर आणला. भात्यावर त्यांचा मुलगा होता. तो लोखंडाच्या रंगाकडे बघून सांगायचा, आता घ्या, आता थांबा.

पाणी देण्यावर थोडी चर्चा झाली. मामा विळ्याला साध्या पाण्यातच पाणी देतात, आणि विळ्याला ते चालतं. बारीक पात्याला ईएन ४५ मध्ये पाण्याचा धक्का जास्त होतो, तडा जाण्याची भीती. मी तेलाचा डबा नेला होता. किती तापवायचं हे बघायला लोहचुंबक नेलं: ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याच्या थोडं वर गेलं की बुडवायचं. गंमत अशी की मामा ज्या रंगाला "आता" म्हणाले त्याच्या जराच आधी चुंबकाने पकड सोडली होती. पुढच्या पात्याला चुंबक नेणार नाही.

बुडवल्यावर कानस फिरवून बघितली, धारेवरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे कडक झालं, पण याच अवस्थेत वापरलं तर काचेसारखंच फुटेलही. ठिसूळपणा कमी करायला घरी ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन फेऱ्या दिल्या, प्रत्येकी दोन तास. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट गवती पिवळा रंग आला, हवा होता तोच. (ओटीजीचा काटा खोटं बोलतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घरातल्यांना केकचा वार आधी विचारून घ्या.)

वापरल्यावर काय? वाळक्या कारवीच्या काटक्यांना पातळ कुरळ्या काढायला मोराइतकाच चांगला, लाकडात वळताना जास्त विश्वासाचा. पाठ मुद्दाम काटकोनी ठेवली आहे, फेरो रॉडवर (विस्तव पेटवायच्या कांडीवर) घासली की ठिणग्यांचा पाऊस पडतो. लिंबू कापून तसाच ठेवला तर बघता बघता करडा पडतो आणि डब्यातल्या फोडींना लोखंडी चव येते. ती चव मला चालते, बायकोला अजिबात चालत नाही, म्हणून जेवणाचं काम मोराकडे.

कायद्याचं, थोडक्यात पण वगळू नये असं

शस्त्र नियम २०१६ च्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. खंजिराचा उल्लेख वेगळा आहे, म्हणून दुधारी पातं करूनच घेऊ नका. बटणाने उघडणाऱ्याचाही मोह नको. पण लहान पातं म्हणजे कुठेही, कधीही मोकळीक असंही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात मनाई आदेश लागतात, तेव्हा चाकूच काय, लाठीकाठीसुद्धा बाळगता येत नाही. सण-मोर्चे-निवडणुकांत हे आदेश येतच असतात, सिंहस्थाच्या गर्दीत तर चाकू घरीच बरा.

दुसरी गोष्ट ट्रेकर मंडळींना फारशी माहीत नसते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शस्त्र' या व्याख्येत चाकूही आहे, आणि कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, नांदूरमध्यमेश्वरही. तिथे मी आता भाजी घरूनच चिरून नेतो.

सध्या बाकी

देशी चाकूला सध्या दोरी गुंडाळलेली आहे. मूठ बाभळीची करायची, औतांच्या मुठींना पिढ्यानपिढ्या चालत आलेलं लाकूड. सुताराकडून दोन फळ्या आणल्यात, त्या सावलीत वाळतायत. रिव्हेट पितळी घालणार. मोठा प्रश्न कडकपणाचा आहे. कानस आणि गवती रंग यांवरून अंदाज बांधलाय, आकडा माहीत नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे रॉकवेल मशिन असतं, पण एका पात्यासाठी कुणी उभं करत नाही. कुणाची ओळख असेल तर सांगा, मूठ बसवायच्या आत तपासून घ्यायचं आहे. आकडा ५८ च्या वर निघाला तर ओटीजीची आणखी एक फेरी, या वेळी २२० वर.