बर्न्सची आई

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्यावरच्या परीक्षेच्या नोट्स कोल्हापुरातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडच्या घ्या. वडिलांना परिच्छेदभर जागा, आणि आई एका ओळीत उरकलेली: निरक्षर होती, गाणी म्हणायची. त्यातलं ‘निरक्षर’ हे अर्धंच खरं. ॲग्नेस ब्राउनला थोडंफार वाचता यायचं, सही तेवढी करता येत नव्हती.

तिचा जन्म १७३२ चा, एअरशायरमधल्या कर्कओस्वाल्डजवळचा. सहा भावंडांत थोरली. दहाव्या वर्षी आई गेली आणि धाकट्यांचं सगळं तिच्या अंगावर पडलं. वडिलांनी दुसरं लग्न केल्यावर तिची रवानगी मेबोलला आजीकडं झाली. नात्यातल्या एका आंधळ्या आजोबांची गोष्ट बर्न्सनं १७८८ च्या पत्रात लिहून ठेवलीय. पोरसवदा ॲग्नेस माणसाच्या आयुष्यावरचं एक जुनं, साधं गाणं म्हणायची आणि म्हातारा बसून रडायचा. त्या रडण्यातच त्याला सगळ्यात मोठं सुख. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्यांना हे उलगडून सांगायला नको. बर्न्सची ‘मॅन वॉज मेड टू मोर्न’ ही कविता वाचताना हे पत्र जवळ ठेवावं.

बर्न्सचे वडील विल्यम मूळचे एअरशायरचे नव्हेत. ईशान्येकडच्या किंकार्डिनशायरमधून एडिंबरामार्गे माळीकाम करत आलेले. अलोवेला साडेसात एकर जमीन घेऊन मातीच्या भिंतींचं घर त्यांनी स्वतः बांधलं. १५ डिसेंबर १७५७ ला लग्न झालं, तेव्हा ते ३६ चे, ॲग्नेस २५ ची. २५ जानेवारी १७५९ ला रॉबर्ट झाला आणि थोड्याच दिवसांत वादळानं घराची एक भिंत पाडली. बाळ-बाळंतीण शेजाऱ्याकडं न्यावी लागली.

मुलांचे मास्तर मर्डोक सांगतात, विल्यमचं इंग्रजी त्याच्या परिस्थितीच्या मानानं फार स्वच्छ होतं. तेव्हा बर्न्सच्या गाण्यांतली स्कॉट्स बोली मुख्यतः आईच्या बाजूची मानायला हरकत नाही. पण ‘आईकडून गाणी, वडिलांकडून शिक्षण’ ही सोयीची वाटणी बेटी डेव्हिडसनशिवाय लंगडी पडते. ही आईच्या चुलतभावाची विधवा. भुतंखेतं, चेटकिणी, पऱ्या यांचा तिचा साठा अफाट. बर्न्सच्या ‘टॅम ओ शँटर’ या चेटकिणींच्या कवितेचं बी तिच्याकडचं म्हणतात.

घरची ओढाताण समजून घ्यायची तर विल्यमनं कसायला घेतलेल्या दोन शेतांचा खंड बघा. माउंट ऑलिफंट ७० एकर, वर्षाला ४० पौंड, पुढं ४५. सुरुवातीला मालकाकडूनच १०० पौंडांची उचल. लॉकली १३० एकर, १३० पौंड. म्हणजे एकरी खंड दीडपटीहून जास्त झाला, आणि जमीन काही तशी उजवी नव्हती. पुढं मालकाशी वाद कोर्टात गेला. जानेवारी १७८४ मध्ये निकाल विल्यमच्या बाजूनं लागला, १३ फेब्रुवारीला तो वारला. खटला जिंकूनही घर कंगालच.

जुन्या नोंदी शोधणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. १७८६ पर्यंत आडनाव ‘बर्नेस’ असं लिहिलेलं सापडतं. तिकडं बायकांच्या नोंदी माहेरच्या नावानं होत, त्यामुळं ॲग्नेसला ‘ब्राउन’मध्ये शोधायचं, त्याचंही स्पेलिंग दोन तऱ्हांचं.

रॉबर्टची विवाहाबाहेरची मुलगी बेस हिला या आजीनंच वाढवलं. लेक १७९६ मध्ये गेला. ॲग्नेस धाकटा मुलगा गिल्बर्ट याच्याकडं ईस्ट लोदियनला राहून १८२० मध्ये वारली. अलोवेला नवऱ्याच्या दगडावर तिचं नाव कोरलेलं आहे, पण तिला पुरलंय बोल्टनच्या चर्चच्या आवारात.