तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रासँसमध्ये एवढं काय आहे?

मी फ्रेंच शिकवते, आणि वर्गात दोन-चार महिने झाले की कोणीतरी विचारतंच. "तुम्ही सांगितलेला फ्रेंच कवी-गायक झॉर्ज ब्रासँस ऐकला. एक गिटार, मागे एक डबल बास, आवाज चढत नाही की उतरत नाही. सगळी गाणी एकाच चालीची वाटतात. तुम्हाला यात एवढं काय सापडतं?"

माणसं सापडतात. ब्रासँसची ओळख बंडखोर म्हणून करून दिली जाते. न्यायाधीश, पोलीस, पाद्री, लष्कर, कोणालाही त्याने सोडलं नाही, हे खरंच आहे. पण मला तो आधी उपकाराची जाण ठेवणारा कवी वाटतो. अडीअडचणीला ज्यांनी हात दिला त्यांना तो कधीच विसरला नाही.

1921 साली दक्षिण फ्रान्समधल्या सेत या बंदराच्या गावी तो जन्मला. वडील गवंडी आणि देव न मानणारे, आई इटालियन वंशाची, कट्टर कॅथलिक आणि घरभर गाणी म्हणत वावरणारी. शाळेत आल्फाँस बोनाफे नावाच्या मास्तरांनी कवितेचं वेड लावलं. त्याच वयात चार टवाळ पोरांबरोबर चोऱ्या केल्या आणि पोलिसांनी धरलं. गावभर बोभाटा झाला. वडील पोलीस ठाण्यात आले ते ओरडले नाहीत, हात उगारला नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्याने या प्रसंगावर गाणं लिहिलं. त्यात बाकीचे बाप आपापल्या पोराला नाकारतात, आणि चौथा बाप येऊन म्हणतो, "काय रे पोरा, बरा आहेस ना?" आणि स्वतःची तंबाखूची पिशवी त्याच्यापुढे धरतो. एवढंच. गवंडीकाम करणाऱ्या त्या माणसाचा मोठेपणा पोराने असा नोंदवून ठेवला.

बदनामी झाल्यावर तो पॅरिसला गेला. 1943 मध्ये जर्मनांनी हजारो फ्रेंच तरुणांसारखं त्यालाही सक्तीच्या मजुरीवर नेलं, बर्लिनजवळ बास्डॉर्फला, विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात. 1944 च्या मार्चमध्ये रजेवर आला तो परत गेलाच नाही. पॅरिसच्या चौदाव्या विभागात फ्लोरिमाँ नावाच्या बोळात झान प्लांश आणि तिचा नवरा मार्सेल यांनी त्याला लपवलं. पकडला गेला असता तर त्यांचीही धडगत नव्हती. घरात वीज नाही, नळ नाही, गॅस नाही. मांजरं, कुत्री आणि एक बदक मात्र होतं. (त्या बदकावरही त्याचं गाणं आहे.) ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झालं, पण हा पाहुणा हलला नाही. नाव झालं, पैसा आला, तरी 1966 पर्यंत तो त्याच बोळात राहिला.

1954 चं 'ओव्हेर्न्यासाठी गाणं' या घराचंच आहे. ओव्हेर्न्या म्हणजे फ्रान्सच्या ओव्हेर्न प्रांताकडचा माणूस. पहिल्या कडव्यात थंडीच्या दिवसांत चार लाकडं देणारा माणूस येतो, दुसऱ्यात भुकेल्याला पावाचे चार तुकडे देणारी घरमालकीण, आणि तिसऱ्यात एक परका. पोलीस धरून नेत असताना सगळे टाळ्या पिटत होते, तेव्हा हा एकटाच कसनुसा हसला. लाकूड, पाव आणि हसू. तिसऱ्याने तर काहीच दिलं नाही, तरी ब्रासँस त्याला पहिल्या दोघांच्याच पंगतीला बसवतो. मला हे कडवं शिकवताना अजूनही आवाज सांभाळावा लागतो.

आता चालींचं. 1952 मध्ये पाताशू या गायिकेकडे तो आपली गाणी तिला द्यायला गेला होता, स्वतः गायची हौस नव्हती. त्यातली काही तुम्हीच गायला हवीत, असं तिने बजावलं. मंचावर तो घामाघूम व्हायचा, पाय खुर्चीवर टेकवून वाजवायचा, आणि शब्दांच्या आड येईल असं काही करायचा नाही. भावगीत ऐकून वाढलेल्या आपल्याला हे खरं तर परकं वाटायला नको. साधेपणा दिसतो तेवढा सोपा नाही. त्याची गाणी गिटारवर बसवायला घ्या, म्हणजे कॉर्ड किती पटापट बदलतात ते कळेल. चाल एकसारखी म्हणता, तर दोन गाण्यांना त्याने मुद्दामच एक चाल दिली आहे. एक कविता कम्युनिस्ट आरागाँची, सुखी प्रेम नसतंच म्हणणारी; दुसरी कॅथलिक फ्रान्सिस झामची, प्रार्थनेची. दोन्ही ओळीने ऐका. तेच सूर आधी हताश वाटतात आणि मग हात जोडलेले.

बंडखोरीतही मला हीच माणुसकी दिसते. 'गोरिला' या गाण्यावर रेडिओने कित्येक वर्षं बंदी घातली, ते अश्लील म्हणून. पण शेवटी गोरिलाच्या तावडीत सापडलेला न्यायाधीश आई आई करून रडतो, त्याच दिवशी त्याने ज्याचं मुंडकं उडवायला लावलं त्या माणसासारखाच. देहदंडाच्या शिक्षेविरुद्धचं ते गाणं आहे. फ्रान्सने ती शिक्षा 9 ऑक्टोबर 1981 ला कायद्याने रद्द केली. ब्रासँस कर्करोगाने गेला तो त्याच महिन्यात, 29 तारखेला.

तेव्हा माझं ऐका: सुरुवात ओव्हेर्न्याच्या गाण्यापासून करा, मग वडिलांचं ऐका, गोरिला नंतर. आणि कृपा करून, काम करता करता लावू नका. शब्द समोर छापून घेऊन बसा.