डिझेलवरच्या बेटाला सोलर जोडताना: मालदीवमधला माझा अनुभव

मालदीवमध्ये वीज म्हणजे डिझेल. देशभर फिरणारी ग्रिड इथे नाही, असणं शक्यही नाही. वस्तीची बेटं १८० च्या वर, आणि जवळपास प्रत्येकाचं स्वतःचं पॉवरहाऊस, स्वतःची टाकी आणि ती भरायला येणारी बोट. राजधानी माले भागाचं काम स्टेल्को ही सरकारी वीज कंपनी बघते, बाहेरची बहुतेक बेटं फेनाका या दुसऱ्या सरकारी कंपनीकडे. २०१४ पासून आशियाई विकास बँकेच्या ‘पॉइज्ड’ प्रकल्पातून अशा पॉवरहाऊसना सोलर आणि बॅटरी जोडली जातेय. त्याच धर्तीच्या एका कामावर मी कंत्राटदाराचा कमिशनिंग इंजिनिअर होतो, म्हणजे बसवलेली यंत्रणा तपासून चालू करून देणारा. बेटाचं नाव सांगत नाही. वस्ती हजाराच्या आसपास, या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चाललं तरी पंधरा मिनिटं.

‘समुद्र एवढा आहे, मग पवनचक्क्या का नाही, लाटा का नाही?’ हा प्रश्न घरचेही विचारतात. विषुववृत्ताजवळ वारा मोसमावर चालतो. मार्च-एप्रिलमध्ये तर अगदीच मंदावतो. शिवाय टर्बाइन उभं करायला क्रेन लागते आणि आमच्या जेट्टीवर साधं पॅलेट उतरवायलाही भरतीची वाट बघावी लागायची. लाटांची वीज अजून प्रयोगाच्या पुढे फारशी गेलेली नाही. उरलं ऊन, आणि ते मात्र भरपूर.

पण पॅनेल ठेवायचं कुठे? एका किलोवॅटला पाच-सहा चौरस मीटर धरा. आम्हाला १२० किलोवॅट हवे होते आणि बेटावर मोकळी जमीन म्हणजे चैन. म्हणून छपरं: शाळा, बेटाच्या स्थानिक कौन्सिलचं ऑफिस, पॉवरहाऊसची शेड. परवानग्या वाटलं होतं त्यापेक्षा लवकर मिळाल्या, कौन्सिलने खरंच मनावर घेतलं होतं. नकाशांची मंजुरी मालेहून आली, तिला लागतो तेवढा वेळ लागला. अडलं ते शाळेच्या पत्र्याखाली. वरून पत्रा चकचकीत आणि आतल्या पर्लिनना, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या लोखंडी आडव्या पट्ट्यांना, बोट लावलं की गंजाचे पापुद्रे हातात! खाऱ्या हवेत हे व्हायचंच. पॅनेलआधी छपराचाच सांगाडा बदलावा लागला आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर ईमेलांचं जे युद्ध झालं, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. आमचे बोल्ट सगळे ३१६ स्टेनलेसचे, खाऱ्या हवेत टिकणारे. बॅटरीचा कंटेनर आम्ही मुद्दाम उंच जोत्यावर ठेवला, कारण उधाणाचं पाणी रस्त्यावर येतं.

खरी डोकेफोड मात्र छपरावर नव्हती, इंजिनरूममध्ये होती. दिवसाचा लोड, म्हणजे बेटाची विजेची मागणी, १३० किलोवॅट. चालू असायचा २०० चा जनरेटर. डिझेल सेटवर, म्हणजे जनरेटरवर, क्षमतेच्या निदान तीस टक्के लोड ठेवावा लागतो, नाहीतर इंधन अर्धवट जळतं, एक्झॉस्टमध्ये काजळी आणि ओलं तेल साठतं, इंजिनाचं आयुष्य घटतं. २०० चे तीस टक्के म्हणजे ६०. मग सोलरला जागा उरली फक्त ७० ची. त्यावरचं ऊन असून नसल्यासारखं. म्हणून सगळ्यात आधी १०० किलोवॅटचा छोटा सेट आणला. त्याला तीसवर चालवता येतं, मग १२० च्या पॅनेलमधून दुपारी मिळणारे ९५ पूर्ण वापरता येतात. सोलर प्रकल्पाची पहिली मोठी खरेदी नवा डिझेल जनरेटर, हे ऐकून आमच्याच मुख्य कार्यालयातले लोक हसले होते.

यातून दुसरा पेच निघतो. ढग आला की ९५ चे २० व्हायला मिनिटही लागत नाही. अचानक ११० किलोवॅट त्या शंभरच्या सेटच्या गळ्यात. मोठ्या ग्रिडला असला धक्का कळतही नाही. इथे शेजारी कोणीच नाही, सेट ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की अख्खं बेट अंधारात. आमची बॅटरी रात्र काढण्यासाठी नव्हतीच. ५० युनिटची होती, पण १०० किलोवॅट द्यायची ताकद असलेली. काम एकच: मोठा सेट सुरू होऊन सिंक होईपर्यंत, म्हणजे चालू विजेशी ताल जुळवून जोडला जाईपर्यंत, लोड उचलून धरायचा.

चाचणीसाठी आम्ही ढगाची वाट बघितली नाही. भर दुपारी सगळे सोलर ब्रेकर एकदम पाडायचे ठरले. वीज कंपनीचा इंजिनिअर कागद घेऊन उभा, कौन्सिलचे दोघं दारात. तीस वर्षं इंजिनं सांभाळलेले ऑपरेटर, त्यांना मी इथल्या रीतीने ‘बेबे’, म्हणजे मोठा भाऊ म्हणायचो, कंट्रोल पॅनेलकडे पाठ करून सेटपाशी उभे राहिले. त्यांचं हिंदी सिनेमांतून शिकलेलं, झकास. म्हणाले, “तू मीटर देख, मैं सुनता हूँ.” ब्रेकर पडले. फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झवरून ४९.२ वर आली, क्षणभर डगमगली, परत चढली. मोठा सेट धडधडत जागा झाला आणि थोड्याच वेळात सिंकचा दिवा लागला. बेबेंनी नुसती मान हलवली. मग त्यांनीच सांगितलं, परत कर, या वेळी एसी चालू असताना. त्यांचं बरोबर होतं, कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका वेगळाच असतो. तीही चाचणी पार पडली.

त्यानंतर राहिली पंच लिस्ट, म्हणजे उरलेल्या बारीकसारीक कामांची यादी: केबलची लेबलं, धिवेहीतले (इथल्या भाषेतले) धोक्याचे फलक, सुट्या भागांची पेटी. हँडओव्हरची सही त्यावर अडून होती आणि सहीवर आमचा शेवटचा हप्ता. ती यादी संपवायला चाचणीपेक्षा जास्त दिवस गेले.

आता रोज साधारण पावणेपाचशे युनिट उन्हातून येतात, म्हणजे ढोबळमानाने सव्वाशे लिटरच्या आसपास डिझेल वाचतं. रात्री मात्र सगळ्या घरांचे एसी डिझेलवरच. त्यासाठी मोठी बॅटरी हवी, ती भरायला आणखी पॅनेल, म्हणजे परत छपरं. कौन्सिलने मैदानाकडेची शेड सुचवलीय. मी आधी तिच्या पर्लिनचे फोटो मागवलेत.