दक्षिणेच्या भिंतीजवळचं हॉलिहॉक

आज सकाळी चहा घेऊन मागच्या दारी गेले तर हॉलिहॉकचं सगळ्यात खालचं फूल उमललं होतं. फिकट पिवळं, मधोमध परागांचा खांब. जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस, सगळी याच कुळातली. इथे इंग्लंडातल्या एसेक्समध्ये हे फूल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माहेरच्या परसातली भेंडीच आठवली होती.

आपल्याकडे हॉलिहॉक थंडीतलं हंगामी फूल म्हणून लावतात. इथे ते कडाक्याच्या थंडीत जमिनीलगत पानांचा झुबका धरून बसतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सरळ सहा-सात फूट उंच जातं. जागा मात्र उन्हाची हवी. आपण घराला सावली शोधतो, इथे सगळे दक्षिणेला तोंड असलेली भिंत शोधतात. दिवसभर तापलेल्या विटा रात्रीही रोपाला ऊब देतात.

पहिल्या वर्षी कुंडीत वाढवलेली चार रोपं मी जमिनीत हलवली आणि चारही गेली. हॉलिहॉकचं सोटमूळ मुळ्यासारखं खोल जातं, ते एकदा दुखावलं की रोप जीव धरत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, बी थेट जिथे वाढवायची तिथेच टाक. तेव्हापासून मी जूनमध्ये भिंतीच्या पायथ्याशीच बी टाकते.

पण खरा शत्रू तांबेरा. गव्हावर पडतो तसाच, फक्त बुरशी वेगळी. पान उलटून पाहिलं की खाली खरखरीत नारिंगी फोड. ही बुरशी मूळची दक्षिण अमेरिकेची, इंग्लंडात 1873 मध्ये पोचली. आमच्यापासून जवळच सॅफ्रन वॉल्डन गाव आहे. तिथे पूर्वी केशर पिकायचं, म्हणून हे नाव. तिथल्या विल्यम चेटर या रोपवाटिकावाल्यानं एकोणिसाव्या शतकात गुलाबासारखी भरगच्च दुहेरी हॉलिहॉक तयार केली. त्याच्या नावाचं बियाणं आजही मिळतं. हौसेची, प्रदर्शनांत मिरवणारी ती फुलं या तांबेऱ्यानं पार झोडपली. आयुष्यभराची मेहनत अशी पानापानाने करपताना पाहणं काय असेल, या विचारानं मला आजही वाईट वाटतं.

मी खालची डागाळलेली पानं तोडून कचऱ्यात टाकते, खताच्या खड्ड्यात कधीच नाही. पाणी मुळाशी घालते, पानांवर उडू देत नाही. आणि दुहेरीचा मोह सोडून रुगोसा ही पिवळी जात लावली. तिला तांबेरा कमी धरतो, आणि नेहमीचं हॉलिहॉक एक-दोन वर्षांत थकतं तिथे ही पुन्हा पुन्हा येते. आमची ही चौथ्या वर्षात आहे.

फुलं खालून वर उमलत जातात. खालच्या फुलाच्या जागी चपट्या बियांची गोल चकती धरते, बोटाने दाबली की एकेक बी सुटते, तेव्हाही शेंड्याला कळ्या असतात. आजच्या फुलात एक गुबगुबीत भुंगा शिरला होता, पाठीवर पिवळी पूड घेऊन बाहेर आला. वर अजून एकवीस कळ्या मोजल्या मी.