वडगाव ते चकाला: मोशन डिझाइनच्या इंटर्नशिपचे दोन महिने

मे महिन्यात बेळगावहून मुंबईला जायचं असेल तर आधी तिकीट काढा, बाकीचं नंतर. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि लग्नसराईत हुबळी-दादर गाडीचं स्लीपर बघता बघता भरतं. मी स्टुडिओचं (मोशन डिझाइन, म्हणजे अक्षरं-चित्रं हलती करण्याचं काम करणाऱ्या) पत्र हातात येईपर्यंत थांबले, वेटिंगमध्ये अडकले आणि शेवटी तात्काळचे जास्तीचे पैसे मोजले. तारीख साधारण माहीत असेल तर तिकीट काढून ठेवा, रद्द करावं लागलं तरी त्यात कमी जातात. रात्रीच्या बसही आहेत, पण आपल्याकडे बस हा भरवशाचा पर्याय नव्हे. सीमाप्रश्न तापला की पहिला फटका बसगाड्यांनाच. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्या एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या होत्या, ते आठवत असेलच. रेल्वेला त्या भांडणाचं काही पडलेलं नसतं.

ही इंटर्नशिप मला मिळाली ती आज्जाच्या मागामुळे. आमचं घर बेळगावच्या वडगावात. आज्जा हातमागावर शहापुरी साड्या विणायचा, आता घरात दोन यंत्रमाग आहेत आणि जुना हातमाग कोपऱ्यात उभा आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सगळे लोगो फिरवत होते. मी धोट्याचा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीच्या लाकडी होडीचा, लूप (न थांबता फिरत राहणारी हालचाल) करायला घेतला. धोटा डावीकडून उजवीकडे, फणीचा ठोका, धोटा परत. म्हटलं तर दोन दिवसांचं काम, मला सहा आठवडे लागले.

पहिल्या वेळी मी सवयीने सगळ्या कीफ्रेमना (हालचालीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांना) इझी ईझ लावलं, म्हणजे वेग हळू वाढतो आणि हळू कमी होतो. धोटा हळूच निघायचा आणि हळूच थांबायचा. आज्जाने लॅपटॉपवर बघितलं आणि म्हणाला, "छान आहे, खरं धोटा असा लाजत जात नाही गं." खरंच होतं. धोटा फेकलेला असतो. सुटताना एकदम सुटतो आणि पलीकडच्या पेटीत आदळून गप्प होतो. मोबाइलवर त्याला माग चालवताना टिपलं आणि फ्रेम मोजल्या. 25 फ्रेमच्या सेकंदात धोटा जेमतेम 7 फ्रेममध्ये पलीकडे पोचत होता, उरलेला वेळ पाय, हात आणि फणीचा. मग ग्राफ एडिटरमध्ये, जिथे हालचालीचा वेग रेषेने दिसतो, धोट्याची रेषा सरळ ठेवली आणि ईझ फक्त फणीला आणि आज्जाच्या खांद्याला दिला. चित्र जिवंत झालं.

दोन चुका तुम्ही तरी करू नका. मोबाइलचा व्हिडिओ सेकंदाला बहुधा 30 फ्रेमने येतो आणि बऱ्याच फोनमध्ये तो वेगही मध्येच कमीजास्त होतो. तो थेट 25 च्या प्रोजेक्टमध्ये टाकला की हालचाल अडखळते. आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून फ्रेमचा वेग कायम करून घ्या. दुसरं म्हणजे लूपची शेवटची फ्रेम पहिल्या फ्रेमसारखीच असेल तर ती काढून टाका. नाही तर दर फेरीला एक उचकी लागते, आणि ती दिसते सगळ्यांना, सापडत मात्र नाही. मी चार दिवस शोधत होते.

आता मुंबई. आत्या घाटकोपरला राहते आणि स्टुडिओ चकाल्याजवळ होता. दोन्ही मेट्रो एकच्या मार्गावर, म्हणजे वर्सोवा ते घाटकोपर या 2014 पासून धावणाऱ्या 12 स्टेशनांच्या रेषेवर. हे निव्वळ नशीब होतं, पण तुम्ही ते जुळवून आणा. खोली बघताना भाडं नंतर विचारा, आधी नकाशावर ऑफिस आणि घर एका रेषेवर येतात का बघा. माझ्याबरोबरचा एक इंटर्न स्वस्त खोलीसाठी नालासोपाऱ्याला राहिला. संध्याकाळी अंधेरीहून विरार लोकलमध्ये शिरायला त्याला पहिल्या आठवड्यात तीनदा जमलं नाही. घरी पोचला की जेवायचा आणि झोपायचा, स्वतःचं काम शून्य.

पहिल्या दिवशी बेळगावचा कुंदा, आपली खव्याची मिठाई, घेऊन गेले. ही लाच चालते, पण कुंदा आदल्या दिवशीचा घ्या आणि पहिल्याच दिवशी संपवा. मुंबईच्या मेमध्ये तो टिकत नाही.

स्टुडिओत माझ्याकडे पहिले दहा दिवस दुसऱ्यांच्या फाइलमधल्या लेयरना, म्हणजे थरांना, नावं द्यायचं काम होतं. कंटाळवाणं, पण त्यातच शिकायला मिळतं. लोक प्रीकॉम्प (अनेक लेयरचा एक गठ्ठा) कुठे करतात, नल ऑब्जेक्टला (न दिसणाऱ्या, बाकीच्यांना हलवणाऱ्या लेयरला) काय बांधतात, हे दुसऱ्याची फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. अकराव्या दिवशी एका जाहिरातीची ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये हलवायची होती, आणि कुणालाच दोन्ही वाचता येत नव्हतं. आपल्याकडे दुकानाच्या पाट्या तीन लिप्यांत वाचत वाचतच आपण मोठे होतो, त्याचं काही कौतुक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आफ्टर इफेक्ट्स या आमच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी ओळ एकेक अक्षराने आत आणायची सोय असते. तीच देवनागरीला लावली की वेलांटी आधी, अक्षर मागून, रफार हवेत, असा गोंधळ होतो. आधी टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्या नीट मांडणारं इंजिन निवडलंय का ते तपासा, नाही तर जोडाक्षरं मुळातच तुटतात. मग हालचाल अक्षराऐवजी शब्दाने द्या. अक्षरानेच हवी असेल तर ओळ शेपमध्ये बदलून 'र्ती', 'क्षा' असे तुकडे हाताने बांधा. मी शिरोरेषा वेगळी काढली, तिला ट्रिम पाथ (रेष हळूहळू उलगडणारी सोय) लावला, रेष डावीकडून ओढली गेली आणि अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी खाली सुटली. कन्नडला अशी सलग रेष नाही, बहुतेक अक्षरांवर आपापला तलकट्टू, म्हणजे डोक्यावरची छोटी खूण, असतो. म्हणून तिथे तेच तलकट्टू एकामागून एक टिकटिकत आणले. कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, ओळीच्या खाली लटकतात, त्यामुळे खाली जागा सोडा. नाही तर मास्कमध्ये (जेवढं दिसायला हवं तेवढ्याच चौकटीत) ते कापले जातात आणि बेळगावातला कुणीही पोरगा लगेच बोट दाखवेल. फॉन्ट म्हणून 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'बालू' वापरला. तो मोकळ्या परवान्याचा आहे आणि त्याच्या कन्नड भावाचं नाव बालू तम्मा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मी जेवताना सांगितलं तेव्हा निम्म्या ऑफिसला पहिल्यांदा कळलं.

भाषेचं आणखी एक. आपल्याकडे बायकाही "मी येतो, मी करतो" म्हणतात. मी दुसऱ्याच दिवशी "फाइल पाठवतो" म्हणाले आणि शेजारची पुण्याची मुलगी हसली. वाईट हेतूने नव्हे, पण दोन आठवडे मी तोंड उघडताना क्रियापद तपासत होते. नंतर सोडून दिलं. "पण"च्या जागी "खरं" म्हणायचंही सोडलं नाही. जुलैपर्यंत तीच मुलगी "रेंडर झालं, खरं आवाज नाही" म्हणायला लागली.

पैशांचं आधी लिहून घ्या. मानधन किती, कधी, प्रवासखर्च धरून की वेगळा, आणि केलेलं काम रीलमध्ये (आपल्या निवडक कामाच्या छोट्या व्हिडिओत) दाखवता येईल का, हे चारही ईमेलवर हवं. मला तोंडी सांगितलं होतं "महिन्याच्या शेवटी", आणि मेचं मानधन जुलैच्या मध्यात आलं. त्या सहा आठवड्यांत आत्याचं घर नसतं तर मी परत आले असते. म्हणून दोन महिन्यांच्या खर्चाची सोय करूनच निघा. लॅपटॉप कुणाचा, सॉफ्टवेअरचा परवाना कुणाचा, तेही विचारा. शेवटच्या दिवशी स्वतःच्या प्रोजेक्टला कलेक्ट फाइल्स (लागणाऱ्या सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये गोळा करणं) करायला विसरू नका, आणि फॉन्ट त्यात येत नाहीत, ते वेगळे घ्या. माझा एक फॉन्ट तिथल्या मशीनवरच राहिला आणि घरी फाइल उघडल्यावर सगळी शीर्षकं एरियलमध्ये दिसली.

रील एका मिनिटाच्या आत ठेवा आणि सगळ्यात चांगलं काम पहिल्या पाच सेकंदांत टाका. माझ्या रीलमध्ये सुरुवातीला चकाकणारे लोगो होते. मुलाखत घेणाऱ्याने ते पुढे सरकवले आणि धोट्यावर थांबला. शिवजयंतीच्या चित्ररथांचं मी कागद कापून केलेलं काम शेवटी होतं, तिथपर्यंत तो पोचलाच नाही. आता ते दुसऱ्या नंबरवर आहे.

एक रविवार पेडर रोडच्या भारतीय सिनेमाच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी राखून ठेवा. ते 2019 मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या, म्हणजे सरकारी माहितीपट काढणाऱ्या संस्थेच्या, आवारात सुरू झालं. याच फिल्म्स डिव्हिजनने 1956 मध्ये कार्टून फिल्म युनिट काढलं आणि शिकवायला डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स आले होते. संग्रहालयाच्या जुन्या इमारतीच्या, गुलशन महालाच्या, जिन्यावर बसून मी डबा खाल्ला. रखवालदाराने दोनदा उठवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. लॅपटॉपच्या बॅगेला नुसतं कव्हर पुरत नाही, आत प्लास्टिकची जाड पिशवी हवी. आणि हार्डडिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, दोन्ही एकदम भिजतात.

जुलैअखेर परत आले. धोट्याच्या लूपला मागाचा खरा आवाज जोडला, शीर्षक तीन लिप्यांत केलं आणि आज्जाला दाखवलं. बघून झाल्यावर त्याने विचारलं, "ठोका एक कमी पडालाय, कुठं गेला?" मोजलं. उचकी काढताना एका फ्रेमऐवजी मी दोन काढल्या होत्या आणि फणीचा ठोका नेमका त्या दुसऱ्या फ्रेमवर होता.